बोअरचं पाणी आणि तीन वॉशिंग मशीन : लातूरच्या नोंदी

3 ऑगस्ट 2025, रविवार

महालक्ष्म्या 31 तारखेला येतायत. त्याआधी पडदे, चादरी, गाद्यांच्या खोळी सगळं धुऊन निघायला हवं, आणि आमच्या मशीनमधून निघालेल्या कपड्यांना सध्या कुबट वास येतोय. पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत म्हणून वास येतो असं घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. परवा चांगलं ऊन होतं, चादरी दोरीवर कडक वाळल्या. रात्री अंगावर घेतल्या, जरा घाम लागला आणि तोच वास परत आला.

तीन मशीन तपासायचं ठरवलंय. एक आमची सेमी-ऑटोमॅटिक. दुसरी खाडगाव रोडला धाकट्या भावाकडची फ्रंट लोड. तिसरी आमच्या गल्लीतल्या मुलींच्या वसतिगृहातली टॉप लोड. शिकवणीसाठी गावोगावहून आलेल्या मुली दिवसभर आळीपाळीने ती चालवतात. तिन्हींना पाणी बोअरचंच.

वास मोजायला यंत्र नाही, म्हणून एक साधी पद्धत ठरवली. जुन्या धोतराचे रुमालाएवढे तुकडे कापले. रोजच्या धुण्याबरोबर एकेक तुकडा मशीनमध्ये टाकायचा, पिळून ओलाच स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि झाकण लावून रात्रभर सोडायचा. तुलनेसाठी तसाच एक तुकडा त्याच पाण्यात, त्याच पावडरने बादलीत हातानं धुऊन दुसऱ्या डब्यात. सकाळी घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता वास घ्यायचा.

5 ऑगस्ट

हातानं धुतलेल्या तुकड्याला नुसता ओल्या कापडाचा वास. मशीनच्या तुकड्याचा डबा उघडल्याबरोबर सासूबाईंनी मान फिरवली. "हे तर पोतेऱ्यावाणी वास यायलंय," म्हणाल्या. पाणी तेच, पावडर तीच. दोष मशीनच्या पोटात आहे, हे नक्की झालं.

दुपारी पाणी तपासलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर हे काम हाताला येतं. 50 मिली पाणी, त्यात अमोनियाचं बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, म्हणजे रंग बदलून क्षार दाखवणारी पूड. पाणी डाळिंबी लाल होतं. मग ब्युरेट म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून 0.01 मोलर ईडीटीए, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं द्रावण, थेंबाथेंबानं सोडायचं, लाल जाऊन स्वच्छ निळा रंग येईपर्यंत. जितके मिली लागले त्याला 20 नं गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार ते कळतं. हिशेब कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात धरतात. बोअरच्या पाण्याला 30 मिली ओलांडले तरी रंग लालच राहिला. म्हणजे कठीणपणा 600 च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. नळाचं पाणी 10 मिलीच्या आतच निळं झालं, पण ते मोजकं येतं आणि पिण्या-स्वयंपाकात संपतं.

आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याच्या भेगांतून उतरतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअरला येतं ते हे पाणी.

ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही त्यांनी दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत बोअरचं, दुसरीत पावसाचं पाणी, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावं. बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी गढूळ पांढरी साय दिसते. तेवढ्यावरून पुरतं समजतं.

6 ऑगस्ट

आज आमची मशीन उघडली.

प्लग काढला, पाणी सोडून दिलं. टबच्या तळाशी जी चक्री फिरते, म्हणजे पल्सेटर, तिच्या मधोमध प्लास्टिकची टोपी असते आणि टोपीखाली एकच स्क्रू. पेचकसनं तो सैल केला, दोन बाजूंनी बोटं घालून चक्री सरळ वर ओढली. पुष्कळ दिवसांची असेल तर अडते. तेव्हा कोमट पाणी ओतून जरा थांबावं, लिव्हर लावून उचकटू नये, कडा फुटतात.

चक्री उलटी करून उजेडात धरली. खालच्या पट्ट्यांच्या मधे राखाडी-पांढरा खडबडीत थर, नखानं खरवडला तर रवाळ. त्याच्यावर आणि टबच्या खोलगट भागात काळी-करडी बुळबुळीत साय. त्यात केस, धागे, कागदाचा लगदा, शाळेच्या शर्टाचं एक बटण. आणि टबमध्ये जिथवर पाणी चढतं त्या रेषेवर पिवळट, चिकट पट्टा, बोट फिरवलं की मेणासारखा लागणारा. वरून हे सगळं एकच घाण दिसतं, पण एकाच औषधाला तिन्ही जुमानतील असं वाटेना. म्हणून बोथट चमच्यानं तिन्हींचा थोडाथोडा नमुना वेगवेगळ्या वाट्यांत काढला.

पांढऱ्या थरावर लिंबूसत्वाचं, म्हणजे सायट्रिक आम्लाचं, पाणी टाकलं. लगेच बारीक बुडबुडे सुटले, थोड्या वेळात थर भुसभुशीत होऊन विरघळला. हा कॅल्शियम कार्बोनेट. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो पाण्यातल्या कॅल्शियमला पकडून असा खाली बसवतो. पावडर जास्त टाकली म्हणून हा थर कमी होत नाही, उलट वाढतो.

काळ्या साईवर आम्लाचा काही परिणाम झाला नाही. तीच गरम सोड्याच्या पाण्यात घातली तर सुटी झाली, पाणी तपकिरी झालं आणि घरभर तो वास पसरला. वासाचं मूळ हे. अंगाचं तेल, मळ, अर्धवट विरघळलेली पावडर यांवर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण करून राहतात. 2012 साली जपानी संशोधकांनी ओल्या कपड्यांच्या कुबट वासामागचा एक जिवाणू दाखवून दिला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो वाळलेल्या कापडातही तग धरतो. आमच्या चादरी कडक वाळूनही घाम लागताच का वास मारत होत्या, ते इथं कळलं.

पिवळा पट्टा सगळ्यात हट्टी. थंड आम्लाला हलला नाही, सोड्यालाही नाही. गरम लिंबूसत्वाच्या पाण्यात बराच वेळ ठेवल्यावर फुटला आणि वर तेलकट पापुद्रा तरंगला. हा चुन्याचा साबण. कॉलर आणि बाह्यांना आपण साबणाची वडी घासतो आणि कपडा तसाच मशीनमध्ये टाकतो. वडीतली चरबी कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळते आणि पाण्यात न विरघळणारा चिकटा होतो. पांढऱ्या खडीला भिंतीला धरून ठेवणारा आणि काळ्या साईला खाऊ घालणारा हाच.

चक्री, टबचा तळ आणि धाग्यांची जाळी आज नुसती ब्रशनं घासून ठेवली. रसायनाचं काम परवा.

8 ऑगस्ट

गंजगोलाईतून लिंबूसत्व आणलं, किराण्याच्या ठोक दुकानात सुटं मिळतं. सोडियम परकार्बोनेट घरात होतं. डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरींत मुख्य हेच असतं.

क्रम असा ठेवला. आधी आम्ल, कारण खडी गेली की तिच्या आड दडलेली साय उघडी पडते. टब भरून कोमट पाणी, त्यात 150 ग्रॅम लिंबूसत्व आधी तांब्यात विरघळवून. अर्धा तास, मधूनमधून चक्री फिरवत. पाणी कोमटच ठेवलं, कारण आम्ल आणि चुना मिळून जे कॅल्शियम सायट्रेट होतं ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि नव्यानं पांढरं बसू शकतं. वाटीतल्या प्रयोगात चिकट्याला उष्णता लागली होती, म्हणून पाणरेषेच्या पट्ट्यापुरतं गरम लिंबूसत्वात बुडवलेलं फडकं दाबून धरलं. हातमोजे घालून.

मग पाणी सोडून टब दोनदा खळखळून घेतला. त्यानंतर गिझरचं पाणी, हाताला सोसवणार नाही इतकं पण उकळतं नाही. साठ अंशांच्या वर सेमीच्या प्लास्टिकला नेऊ नये. त्यात परकार्बोनेट. पाण्यात पडलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा अशी दोन कामाची द्रव्यं देतं, थंड पाण्यात मात्र सुस्त राहतं. तासभर भिजवलं. पाणी चहासारखं झालं आणि वर काळे पापुद्रे आले. ते गाळणीनं वेचून काढले. नळीत जाऊ दिले तर नळीच तुंबते.

ड्रायरचा ड्रम आणि बाहेरची बादली यांच्यामधली फट कुणी बघत नाही. बाटली धुवायचा लांब ब्रश घालून ती घासली. तिथली घाण टबापेक्षा जास्त निघाली. पाणी सोडायची नळी खाली झोळ पडून पसरली होती, त्या झोळात कायम पाणी साचायचं. ती ताणून न्हाणीच्या जाळीपर्यंत उताराला लावली.

एक गोष्ट लिहूनच ठेवते. परकार्बोनेट भिजवून बंद बाटलीत साठवू नका. वायू सुटत राहतो, बाटली फुटते.

9 ऑगस्ट, राखी पौर्णिमा

आमच्या डब्यातला तुकडा आज नुसता ओला वास देतोय. सासूबाईंनी दोनदा हुंगून पाहिला.

राखी बांधायला भावाकडे गेले. भावजयीनं मशीनचं दार उघडून दाखवलं. "ताई, सहा महिने झाले रबर पुसायलेय, काळे ठिपके जायचं नावच घेईनात." रबरी कडेची खालची घडी उलटून बघितली. घडीत पाणी साचलेलं, त्यात मऊ काळा गाळ, पाणी उतरायची बारीक भोकं बुजलेली. "कुठल्या प्रोग्रामवर लावतेस?" विचारलं. पंधरा मिनिटांच्या, थंड पाण्याच्या. वीज आणि पाणी वाचतं म्हणून. धुणं झालं की दार लगेच बंद, लहान लेकरू आत हात घालतं म्हणून. तिचं म्हणणं बरोबर आहे. लेकरू जागं असेल तोवर बंद आणि ते झोपलं की रात्रभर उघडं, असं ठरलं.

12 ऑगस्ट

वसतिगृहाची टॉप लोड. इथं काम अवघड आहे, कारण घाण बसते ती भोकाभोकांचा आतला ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यामध्ये. आतला ड्रम काढायला मोठा पाना लागतो, ते मिस्त्रीचं काम. आपण फक्त भिजवू शकतो.

धाग्यांची जाळी फाटलेली होती, म्हणून सगळे धागे आतच फिरत होते. ती नवी घातली. पाणी आत येतं त्या नळाच्या तोंडाशीही एक बारीक जाळी असते. तिच्यात बोअरची रेती गच्च. पाणी सावकाश भरायचं कारण ते. पक्कडीनं ओढून ब्रशनं धुतली.

मुली पावडर अंदाजानं ओततात आणि वरून सुवासिक कंडिशनर पावडरीबरोबरच टाकतात. कंडिशनरवर धन भार असतो, पावडरीतल्या मळ काढणाऱ्या घटकावर ऋण. दोन्ही एका पाण्यात आले की एकमेकांना बांधून चिकट साका करतात आणि दोन्हींचा उपयोग जातो. मुलींना हे पेल्यात करून दाखवलं. स्वच्छ पाणी बघताबघता दुधाळ झालं. बारावीच्या एका मुलीनं लगेच आयनांचं समीकरण वहीत मांडलं. मला फार बरं वाटलं.

मशीनला हीटर नाही. वसतिगृहाच्या बंबाचं पाणी बादल्यांनी ओतलं, परकार्बोनेट टाकून ड्रम फिरवला आणि तासभर थांबलो. पापुद्रे आले आणि येतच राहिले. मावशी गाळणीनं वेचत होत्या, "हे आमच्या लेकींच्या कपड्याला लागत होतं का," असं म्हणत. एका बैठकीत हे संपणार नाही.

17 ऑगस्ट, रविवार

भावाची फ्रंट लोड, पूर्ण दिवस.

प्लग काढून खालचं झाकण उघडलं. आधी छोट्या नळीनं परातीत पाणी काढायचं, मगच पंपाची गाळणी फिरवायची. नाहीतर घरभर पाणी. आत सेफ्टी पिना, एक नाणं, केसांचा बोळा आणि सडका वास. अर्धा वास तिथंच होता.

पावडरीचा कप्पा पूर्ण बाहेर निघतो, हे भावजयीला माहीत नव्हतं. कप्प्याच्या वरच्या छताला, जिथून पाणी पडतं तिथं, काळी बुरशी. रबराच्या घडीला परकार्बोनेटच्या गरम पाण्यात भिजवलेले कापडाचे बोळे दाबून ठेवले. ठिपके फिके झाले, काही रबरात मुरलेत, ते आता जाणार नाहीत. मात्र हाताला बुळबुळीत काही लागत नाही.

हीटर असलेल्या मशीनला कठीण पाण्याचा त्रास वेगळा. पाणी तापलं की विरघळलेलं बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खडी थेट हीटरवर बसते. रिकाम्या ड्रममध्ये लिंबूसत्व टाकून 40 अंशांवर एक फेरी, साध्या पाण्याची एक, मग परकार्बोनेटची 60 वर. दारातून पाणी खडूसारखं पांढरं दिसत होतं.

ड्रमच्या पाठीमागे त्याला धरणारा तीन हातांचा आधार बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. आम्ल आणि अल्कली दोन्ही त्याला खातात. रात्रभर भिजत ठेवायचं नाही, काम झालं की भरपूर पाण्यानं खळखळायचं.

20 ऑगस्ट

वसतिगृहात कुणीतरी सुचवलं की संडासाचं ॲसिड ओता, एका झटक्यात होईल. नाही म्हणून सांगून आले. ते हायड्रोक्लोरिक आम्ल. स्टीलच्या ड्रमला बारीक खड्डे पाडतं. त्याहून मोठा धोका हा की त्याच मोरीत ब्लीच ठेवलेलं आहे. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, अगदी लिंबूसत्व किंवा व्हिनेगरसुद्धा, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. मावशींना दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवायला लावल्या.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्लाही सगळीकडे फिरतो. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. खाली उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी.

24 ऑगस्ट

पोळा झाला. आमच्या चक्रीखाली बघितलं तर पांढऱ्याची पातळ पापुद्री पुन्हा दिसायला लागलीय. पाणी तेच असेल तर हे होणारच.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी अशी धुण्याची रीत पक्की झाली. ती मोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. पाणी वाचवायची जागा मात्र बदलायला हवी. मळलेलं साबणाचं पाणी पुढच्या कपड्यांना देण्याऐवजी शेवटच्या खळखळण्याचं पाणी धरून ठेवायचं आणि ते पुढच्या घाण्याच्या धुण्याला वापरायचं. पाणी तितकंच वाचतं आणि कपड्यात मळ राहत नाही.

सध्या पावसाचं पाणी फुकट मिळतंय. गच्चीच्या पन्हाळीखाली झाकणाचा पिंप ठेवलाय, तोंडाला फडकं बांधून. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं. ईडीटीएचे थेंब पडताच ते निळं झालं, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच. त्या पाण्यात पावडर निम्मी टाकली तरी फेस भरपूर. शेवटचं खळखळणं याच पाण्यात. कॉलरला वडी घासली तर ती बादलीतच धुऊन काढायची, मगच कपडा मशीनमध्ये.

30 ऑगस्ट

पडदे, चादरी, खोळी झाल्या. जरीच्या साड्या मशीनला लावल्या नाहीत. पाऊस थांबतच नाही, सगळं घरात पंख्याखाली वाळवलं. ऊन नसतानाही वास नाही. सासूबाईंनी मुखवट्यांखालच्या कापडाची घडी नाकाशी नेली आणि काही न बोलता कोठीवर ठेवली.

14 सप्टेंबर

आमची चक्री पुन्हा उघडली. पापुद्री आहे, पण बोटानं पुसली जातेय. महिन्यातून एकदा लिंबूसत्व पुरेल असं दिसतंय. पावसाळा संपला की शेवटच्या खळखळण्याला नळाचं पाणी राखून ठेवायचं.

भावाकडे तुकडा स्वच्छ. आठवड्यातून एकदा साठ अंशांची फेरी, टॉवेल आणि लेकराच्या कपड्यांची, ठरलीय.

वसतिगृहाच्या मशीनमधून अजून पापुद्रे येतात. ड्रम काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मिस्त्री येत्या शुक्रवारी मोठा पाना घेऊन येतोय. मावशींना सांगितलंय, तोवर गाळणी मशीनवरच टांगून ठेवा आणि पावडरीसाठी डब्यात एकच मापाचा चमचा ठेवा.